बरणीच्या बुडाखालचं नाव

हॉलिस पिटमनने बायकोच्या हातचा शेवटचा चहा सिंकमध्ये ओतून दिला. शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, स्वतःच्या हाताने, वर नळ सोडून. हे असं झालं. आणि आता हे झालंच नाही असं धरून चालायचं आहे, कारण हॉलिसने तसं धरलं होतं. शहराच्या पाणी आणि मलनिस्सारण विभागात तक्रारींच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं बसलेल्या माणसाला झालेली गोष्ट झाली नाही असं धरण्याचा सराव असतो. नोकरीत घेताना हे कोणी सांगत नाही, पण पेन्शनपर्यंत दुसरं काही करावं लागत नाही.

तर शनिवारी सकाळी काही झालं नाही. हॉलिस भांडी घासत होता, एवढंच. भांडी दुसऱ्यांची होती. वर्ना मंगळवारी गेली, वाणसामानाच्या दुकानाबाहेर, गाड्या लावायच्या जागेत, ढकलगाडीच्या दांड्यावर हात असताना. ती खाली बसली आणि ढकलगाडी पुढे गेली, उतारावरून शांतपणे, एका अनोळखी माणसाच्या दारापर्यंत, म्हणजे त्याच्या मोटारीच्या दारापर्यंत. तो माणूस शुक्रवारी दफनाला आला, हॉलिसचा हात धरून म्हणाला, "दाराचं काही नाही हो, लागलंय थोडंसं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," आणि मग चर्चच्या तळघरातल्या जेवणात दोनदा वाढून घेऊन गेला. जॉर्जियातल्या त्या भागात माणूस गेलं की डॉक्टरच्या आधी भात आणि कोंबडीचा भाजलेला थर येतो. मग मॅकरोनी येते, मग मसाला भरलेली उकडलेली अंडी, हॅम, केक, आणि गॅलन गॅलन गोड थंड चहा. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीचा तुकडा असतो, त्यावर मालकिणीचं नाव. दुःख करणाऱ्याने आधी खायचं, मग घासायचं, मग बुडं वाचत घरोघर भांडी पोचवायची. तोवर रडायला सवड मिळत नाही, आणि बहुधा त्यासाठीच ही पद्धत पडली असावी. हॉलिसने आयुष्यात पहिल्यांदा इतकी भांडी घासली. साबण किती घ्यायचा हे त्याला कळत नव्हतं. फेस कोपरापर्यंत आला होता आणि आपण कुणाला तरी आंघोळ घालतो आहोत असं त्याला मधूनमधून वाटत होतं.

चहाच्या बरण्या तीन होत्या. एकीत लिंबाच्या चकत्या तरंगत होत्या. वर्ना असल्या चहाकडे बघतसुद्धा नसे. दुसरीतला पाण्यासारखा पातळ होता. तिसरी काचेची, गॅलनची, मुळात काकडीच्या लोणच्याची बरणी. बुधवारपासून तो हिच्यातलाच चहा पीत होता. उभ्याने, फ्रिजचं दार उघडं ठेवून, दफनाचा काळा कोट घालून आणि काढून. कसा होता ते त्याच्या लक्षात आलं नव्हतं. चव नेहमीची होती, म्हणून लक्षात आली नव्हती. शनिवारपर्यंत तळाशी चार बोटं उरला, तोही गढूळलेला, दिव्याखाली धरला तर चिखलाच्या डबक्यासारखा. त्याने तो ओतला (म्हणजे ओतला नाही), बरणी विसळली, फडक्यावर उलटी ठेवली आणि बुडाखालची पट्टी वाचली. *वर्ना पिटमन.* ताठ, शाळेतल्या बाईंच्या फळ्यावर शोभेल असं अक्षर, शेवटच्या अक्षराला उगाच एक शेपूट. पट्टीचा एक कोपरा सुटून वर आला होता. हॉलिसने तो अंगठ्याने दाबला. मग, इतर भांड्यांबरोबर, ही बरणी कुणाकडे पोचवायची याचा त्याने खरोखर विचार केला. पत्ता त्याला माहीत होता. टेकडीवर, दुसऱ्या रांगेत, अजून दगड बसवलेला नाही.

त्यानंतर चव आली. पोस्टात अडकलेलं पत्र यावं तशी, तीन दिवस उशिरा, घोट पोटात जाऊन संपल्यावर जिभेवर आली. आधी गोडी, मग त्या गोडीखाली चहाचा गडद, मऊ, न टोचणारा थर, आणि सगळ्यात शेवटी ती एक गोष्ट, जिला त्याच्याजवळ शब्द नव्हता; एकतीस वर्षांत लागला नव्हता. हॉलिस खुर्चीवर बसला. उठला. बसला. मग त्याने अगदी शांतपणे, अर्ज तपासावा तसं, स्वतःला समजावलं. वर्नाच्या बरण्या अख्ख्या चर्चभर फिरत असत. कुणाकडे तरी तिची ही एक राहिलेली होती. त्या बाईने तिच्यात स्वतःचा चहा करून आणला. म्हणजे या शहरात अशी एक बाई आहे, जिला वर्नाचा चहा येतो. ती सापडली की झालं. मग सिंकमध्ये जे गेलं ते कुणाचंही, कसलंही पाणी होतं.

त्याने मिस ओनिताला फोन लावला. मिस ओनिता (तिकडे वयस्कर बाईला, लग्न झालेलं असो नसो, मिसच म्हणतात) म्हणजे चर्चच्या स्वयंपाकघराची मालकीण. देवानंतर तीच, आणि अंड्यांच्या बाबतीत देवाच्याही आधी.

"हॉलिस? जेवलास का रे?"

"जेवलो."

"खोटं बोलू नकोस. अंडी खाल्लीस का? अंडी आधी खा. हॅम टिकतं, अंडी टिकत नाहीत."

"मिस ओनिता, बुधवारी काचेच्या बरणीतला चहा कुणी आणला होता?"

"का? पोट बिघडलं?"

"नाही हो. चांगला होता."

"चांगला म्हणजे? लिंबू होतं?"

"नव्हतं."

"मग माझी नणंद नाही. ती बाई चहाचं सरबत करते आणि वर लोकांना कृती सांगते. कडू होता?"

"अजिबात नाही."

"मग मीही नाही. माझा कडूच असतो. मला माहितेय, तोंडावर कोणी बोलत नाही." ती श्वास घ्यायला थांबली. "कडू नाही, लिंबू नाही, आणि चांगला. हे बघ राजा, असा चहा या चर्चमध्ये एकच बाई करायची, आणि तिला आपण काल पोचवून आलो."

"तिच्याशिवाय," हॉलिस म्हणाला. "तिच्याशिवाय कोण?"

"तिच्याशिवाय कुणाला सोड्याचा हात नव्हता."

"कसला सोडा?"

"खाण्याचा सोडा! चिमूटभर. कडवटपणा मरतो त्याने. अरे देवा, तुला माहीत नाही? एकतीस वर्षं तू सोडा पीत होतास, आणि तुला वाटत होतं ते प्रेम आहे." एवढं बोलून ती हसली, मग घाईने हसू आवरून म्हणाली, "अंडी खा," आणि तिने फोन ठेवला.

सोड्याचा डबा फ्रिजमध्ये होता. वास मारायला ठेवतात, असं तो समजत आला होता. दुपारी त्याने पाणी उकळत ठेवलं. एकतीस वर्षं ज्या घरात राहिला त्या घरात तो पातेली शोधत होता, आणि प्रत्येक फडताळ उघडताना आत कुणीतरी कपडे बदलत असावं तसा आधी किंचित थांबत होता. वर्ना रविवारी चर्चहून आल्यावर आणि बुधवारी संध्याकाळी चहा करायची. तेव्हा हॉलिस पुढच्या खोलीत असायचा. चहा त्याला माहीत होता तो भिंतीपलीकडून. आधी नळ. मग बराच वेळ काहीच नाही. मग ढवळण्याचा आवाज, लाकडी डाव पातेल्याच्या तळाशी फिरल्याचा, त्यात साखरेची खरखर, जणू कुणी वाळूतून पाय ओढत चाललंय. खरखर विरळ होत जायची. एका क्षणी बंद व्हायची. साखर बोलायची थांबली की वर्ना ढवळायची थांबायची. मग फ्रिजचं दार, बर्फाच्या ट्रेचा कडकडाट, ग्लासात खडे पडल्याचा आवाज, त्यावर चहा, आणि बर्फाला तडे जातानाचं ते बारीक कुरकुरणं, जे ग्लास हातात आला तरी चालू असे. "घे," ती म्हणायची. तो घ्यायचा. बातम्या चालू असायच्या. यात त्याचं काय चुकलं ते त्याला सांगता आलं नसतं, आणि तरी पातेल्यातलं पाणी उकळू लागलं तेव्हा आपल्याला कोणीतरी खिडकीशी उभं करून पावती मागतंय असं त्याला वाटलं.

त्याने चहाच्या चार मोठ्या पिशव्या टाकल्या. त्यांचे दोरे पाण्यात पडले. वर्ना ते डावाच्या दांड्याला गुंडाळत असणार, दांड्यावर तशा काळपट रेघा होत्या. सोड्याची चिमूट किती? त्याची बोटं जाड, तिची बारीक. त्याने तिच्या बोटांचा अंदाज घेऊन स्वतःच्या चिमटीतला अर्धा सोडा परत डब्यात टाकला. दोन कप साखर घातली आणि ढवळू लागला, कान देऊन. साखर त्याच्या हाताखाली कितीतरी वेळ बोलत राहिली. शेवटी थांबली. त्याने गार पाणी घातलं, आणि धीर निघेना म्हणून पातेलं तसंच कोमट फ्रिजात ढकललं. तासाभराने चहा ढगाळला होता. बर्फाचा ट्रे त्याने आधी पिळला, मग ओट्याच्या कडेवर आपटला. खडे जमिनीवर उडाले, चुलीखाली गेले. एक ग्लासाजवळ पडला आणि त्याच्याकडे बघत विरघळून गेला. चहा त्याने बर्फाशिवाय प्यायला. तो साबणासारखा लागला. त्याने तो ओतून दिला आणि दुसरा केला. दुसरा कडू झाला, कारण त्याने पिशव्या पिळल्या. तिसऱ्याला सोडा विसरला. रविवारी तो चर्चला गेला नाही. सकाळपासून चौथा आणि पाचवा झाला. पाचवा जवळपास बरा होता, आणि तोच त्याला सगळ्यात असह्य वाटला, अनोळखी बाईने वर्नाचा झगा घालून दारात उभं राहावं तसा. मग त्याच्या डोक्यात आलं की दोष पाण्याचा असणार. पाणी बदललंय.

हे त्याच्या डोक्यात आलं आणि त्याला मिसेस टार्प्ली आठवली. ही बाई नवरा गेल्यापासून दर महिन्याला विभागाला पत्र लिहायची. पाण्याला नाण्यांची चव येते, पूर्वी येत नसे, तरी पूर्वीचं पाणी सुरू करावं. एकोणीस पत्रं. हॉलिसने एकोणीस वेळा अकरा क्रमांकाचं छापील उत्तर धाडलं होतं: *पाण्याची चव ही बाब विभागाच्या अखत्यारीत येत नाही.* शेजारच्या खिडकीवरचा लेस्टर तर तिची पत्रं मोठ्याने वाचायचा. "हॉलिस, तुझी मैत्रीण आली रे. या वेळी म्हणते, मंगळवारी जास्त लागतं." ते दोघे हसायचे. विसावं पत्र आलं नाही. ते का आलं नाही याची चौकशी करायला त्या फॉर्मवर रकाना नव्हता.

रविवारी संध्याकाळी तो उरलेली भांडी पोचवायला निघाला. शेवटचं भांडं मिस यूललीचं, शुक्रवारच्या जेवणाला तिने आणलेला भाताचा मोठा, खोलगट पत्रा. मिस यूलली ओसरीवरच्या झुलत्या बाकावर एकटीच बसली होती. तिचा नवरा ऑटिस वर्नाच्या चार दिवस आधी गेला होता. तिची भांडी पोचवून झाली होती आणि आता तिला करायला काही उरलं नव्हतं. हे तिच्याकडे बघून कळत होतं. उकाडा असा की बाकाची साखळीसुद्धा चिकट झाली होती.

"बस," ती म्हणाली. "पत्रा एवढा घासलास? चकाकतोय. माझा नव्हे वाटतं हा."

"तुमचंच नाव आहे खाली."

"नाव असेल. चकाकी माझी नाही." तिने पत्रा मांडीवर घेतला. "काय रे, झोपतोस का?"

हॉलिसला विचारायचं नव्हतं. भांडी पोचवताना त्याने बाकी सगळ्या बायकांना विचारलं होतं, ही तेवढी राहिली होती, आणि हिला विचारल्याशिवाय घरी गेलं तर अजून एक जण शिल्लक राहील, जन्मभर शिल्लक राहील, हा हिशेब त्याने पायऱ्या चढतानाच केला होता. पण तोंड आपलं आपण बोललं. "बुधवारी काचेच्या बरणीतला चहा तुम्ही आणला होता?"

"हो, मीच की."

त्याला एकदम गार वाटलं. "तुम्ही केलात?"

"मी कशाला करू? मला साखरेचा आजार आहे, बाबा. वीस वर्षं झाली, चहाला हात लावला नाही. ऑटिसच्या वेळी अकरा बरण्या आल्या. अकरा! मी त्यांचं काय करू, त्यात बसू? मग वर्नाचं कळलं. तुझ्याकडे रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून फ्रिजातली पुढची उचलली आणि आले."

"बूड नाही बघितलंत?"

"भरलेली बरणी उलटी करून बघू?" ती म्हणाली, आणि मग तिला कळलं. बाक झुलायचा थांबला. "अगं बाई. रविवारी ती आली होती. दुपारी. काचेचीच होती, नाही का?"

समोरच्या रस्त्यावर एक बाई पाईप धरून गवताला पाणी घालत होती. हॉलिस त्या पाण्याकडे बघत राहिला. त्याला शहराखालच्या सांडपाण्याचा नकाशा पाठ होता. त्याच्या घरापासून आठ इंची नळ, शाळेच्या कोपऱ्यावर पंधरा इंची, तिथून चर्चच्या खालून, मिस ओनिताच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खालून, रेल्वेच्या रुळांपर्यंत, पंपाने वर, मग नदीकाठच्या शुद्धीकरण केंद्रात. सहा तास दहा मिनिटं. शनिवारी नऊ दहाला सोडलेलं पाणी तीन वीसला पोचतं. म्हणजे पट्टी वाचली तेव्हा चहा अजून त्याच्याच गल्लीत होता. मिस ओनिता अंड्यांबद्दल बोलत होती तेव्हा शाळेपाशी. सहा तास दहा मिनिटं तो शहराखालून अंधारात चालला होता, आणि वर हॉलिस साखर ढवळत होता, आणि त्याच नळातून त्याच्यामागे स्वतःचा साबणासारखा चहा सोडत होता.

"मिस यूलली," तो म्हणाला, "तुम्हीच केला होतात असं म्हणा ना."

तिने त्याच्याकडे पाहिलं. थट्टा नाही हे तिला दिसलं असावं. "बरं," ती म्हणाली. "मीच केला होता."

"कसा केलात?"

तिने विचार केला. मनापासून केला. पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "साखर घातली," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "आणि ढवळला." पुढे तिला जमेना. "हॉलिस, मला नाही रे येत."

"असू दे."

"ती बसलीसुद्धा नाही त्या दिवशी. मी म्हटलं, बस गं घटकाभर, घर खायला उठलंय. म्हणाली, बसले असते, पण हॉलिस वाट बघत असेल, त्या माणसाला बर्फसुद्धा काढता येत नाही." मिस यूलली हसली, आणि हसतानाच पदराला पुसावे तसे तिने डोळे बाहीला पुसले. "दोन दिवसांत संपव म्हणाली, नंतर चव जाते. मी म्हटलं, मला साखर आहे. म्हणाली, माहितेय, पण तुझ्याकडे पाणी घेऊन कशी येऊ?"

हॉलिस वाट बघत नव्हता. रविवारी दुपारी तो बेसबॉल बघत होता. ती आली तेव्हा त्याने मान वळवली होती की नाही हे त्याला आठवेना. घरी जाताना, अंधार पडायच्या आत, तो एकदोनदा रस्त्यातल्या लोखंडी झाकणावर थांबला आणि खाली कान दिला. खालून पाणी वाहत होतं. ते आजचं होतं.

सोमवारी तो कामावर गेला. लेस्टर खिडकीशी उभा होता; हात कुठे ठेवावा हे न सुचल्यामुळे त्याने तो हॉलिसच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला होता.

"अरे, इतक्यात कशाला आलास? सुट्टी आहे ना तुला?"

"घरात चहा खूप झालाय."

"बरं." लेस्टरने मान हलवली. "लोक आणतात खरं."

"लेस्टर, केंद्रात शनिवारी तीन वीसला कोण होतं?"

"शनिवारी? कुणी तरी असेल. का?"

"काही आलं होतं का?"

"काय यायचंय? रोज येतं तेच." लेस्टर हसायला लागला आणि हॉलिसचं तोंड बघून अर्ध्यावर थांबला. "काय हरवलं? अंगठी? अंगठी असेल तर जाळीला अडकते कधी कधी. बघायला सांगतो. बोल ना, अंगठी का?"

"पातळ होतं."

लेस्टरने खुर्चीच्या पाठीवरचा हात काढून घेतला. मग हळूच म्हणाला, "पातळ असेल तर, हॉलिस, ते नदीला गेलं रे."

"माहितेय," हॉलिस म्हणाला. "नकाशा मीच लावलाय भिंतीवर."

दहा वाजले. तो उठला, दाराबाहेर गेला, रांगेत कोणी नव्हतं तरी जमिनीवर आखलेल्या पट्ट्यामागे उभा राहिला, मग स्वतःच्या खिडकीसमोर आला आणि बाहेरच्या बाजूने, साखळीला बांधलेलं पेन घेऊन, कोरा फॉर्म भरू लागला. आतली खुर्ची रिकामी होती. लेस्टर तिच्याकडे बघत राहिला. हॉलिसने अक्षर ताठ काढलं. शेवटच्या अक्षराला शेपूट द्यायचं जमलं नाही. ते त्याने तसंच ठेवलं आणि कागद फटीतून आत सरकवला.

*प्रति, पाणी आणि मलनिस्सारण विभाग, तक्रार कक्ष. विषय: द्रव परत मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, दिनांक अठरा ऑगस्ट रोजी सकाळी ९.१० वाजता खालील सहीकर्त्याच्या निवासस्थानातून सुमारे चार बोटे चहा (गोड, लिंबाविरहित, सोडायुक्त, किंचित गढूळ) आपल्या वाहिनीत अनवधानाने सोडण्यात आला. सदर चहा अर्जदाराच्या पत्नीने, कै. वर्ना पिटमन यांनी, स्वहस्ते तयार केलेला असून त्याची अन्य प्रत उपलब्ध नाही. चवीची बाब आपल्या अखत्यारीत येत नाही याची अर्जदारास पूर्ण कल्पना आहे. चव आपण पाहू नये. तरी नदीचे पाणी, अर्जदाराने त्यानंतर सोडलेला स्वतःचा चहा, तसेच इतर नागरिकांचे योगदान वगळून, मूळ द्रव वेगळा काढून अर्जदारास त्याच्या पत्त्यावर परत करण्यात यावा, ही नम्र विनंती. द्रव कोमट असल्यास हरकत नाही. बर्फाची व्यवस्था अर्जदार स्वतः करील.*